मेण लावलेली झूल

आमच्या भागात पांघरुणाची किंमत पावसाळ्यांत सांगतात. इरलं एक पावसाळा, छत्री दोन, चांगली घोंगडी सहा-सात. रुपये किती पडले हे चार दिवसांनी कुणाच्या लक्षात राहत नाही; किती पावसाळे काढले ते मात्र घोंगडी फाटून गेल्यावरही सांगतात. मी पौडच्या पुढं, ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका गावात जन्मले आणि तिथंच वाढले, त्यामुळे पांघरुणातलं आपल्याला कळतं असा माझा ठाम समज होता. त्या समजापायी एक घोडी गेली. तिच्याबद्दल मी आजवर कुणाशी बोलले नाही, कारण ती गोष्ट सांगायची म्हटली की पुढच्या वर्षीचीही सांगावी लागते, आणि ती जास्त वाईट आहे.

हे पन्नास सालानंतरचं. मी चोवीस वर्षांची होते आणि नवऱ्यानं टाकल्यामुळे बापाच्या घरी परत आले होते. मूल झालं नाही म्हणून त्यानं दुसरी केली आणि मला एका पावसाळ्याच्या तोंडी गाठोड्यासकट आणून सोडलं. आई आधीच गेलेली. घरात आबा, थोरला भाऊ आणि वहिनी. परत आलेल्या लेकीला घरात भाकरी मिळते, काम तर ढीगभर मिळतं, फक्त तिला कुणी काही विचारत नाही. म्हैस ठेवायची की विकायची, कुठल्या खाचरात आधी लावणी करायची, ह्यावर बोलणं चाललेलं असायचं आणि मी तोंड उघडलं की वहिनी चुलीत फुंकर मारायला लागायची. ह्या घरात आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारावं, एवढंच मला हवं होतं. आज लिहिताना ती फारच छोटी मागणी वाटते. तेव्हा तिच्यासाठी मी जीव टाकत होते.

आबा घोडीवरून माल वाहायचे. पुण्याहून एसटी पौडपर्यंत यायची. त्यापुढं पावसाळ्यात रस्ता म्हणजे नुसता रेंदा. गावच्या दुकानदाराचं मीठ, गूळ, चहा, घासलेटचे डबे आबा घोडीवर लादून वर आणायचे. जायला एक दिवस, यायला एक दिवस. बाकीचे दिवस घोडी घरामागच्या माळावर लांब दोरानं बांधलेली चरायची. गोठा बैलांनी आणि म्हशीनं भरलेला, घोडीला त्यात जागा नव्हती. आमच्याकडचा पाऊस वरून पडतो तेवढाच बाजूनंही येतो, त्यामुळे झाडाखाली उभं राहून काही उपयोग नसतो. घोडीचं सगळं मी बघायचे. दाणा, पाणी, खरारा, खूर साफ करणं. तिलाही बहुधा माझ्याशिवाय दुसरं माणूस आवडत नव्हतं. भावाला ती दोनदा चावली होती, आणि त्याचं मला वाईट वाटलं नव्हतं.

पांघरुणाचा आमच्या घरात एक क्रम होता. नवी घोंगडी आली की आधी आबांच्या अंगावर. ती विरली की भावाकडे. त्यानंतर आम्ही बायका. आमच्याकडून ती शेळीच्या करडांखाली जायची आणि तिथून, जे काही उरलं असेल ते, घोडीच्या पाठीवर. घोडीला नवं काही घ्यायचं हे कुणाच्या मनातही आलं नसतं. पण त्या वैशाखात घोडीची घोंगडी काढून झटकली तर मधोमध दोन तुकडे होऊन पडले, आणि मागून येणारी आमची बायकांची घोंगडी अजून पुरती विरलेली नव्हती. म्हणजे घोडीला पावसाळ्यात उघडं ठेवायचं, नाहीतर विकत आणायचं.

आबा घोंगडी पारखण्यात सगळ्या मावळात हुशार समजले जायचे. त्यांची पद्धत ठरलेली. आधी वास घ्यायचा. मग एक धागा ओढून काडीवर जाळायचा. केस जळल्याचा वास आला तर लोकर खरी. मग दोघांनी चार कोपरे धरायचे, मधल्या खळग्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि खालून हात फिरवत बसायचं. पाणी जितका वेळ थांबेल तितकी वीण घट्ट. शेवटी बोटानं चोळून बघायचं, कारण विणकर सुताला चिंचोक्याची खळ लावतात. थोडी खळ चालते, जास्त असेल तर बोटाला पांढरी भुकटी लागते आणि मग घोंगडी कितीही ताठ दिसली तरी घ्यायची नाही. हे सगळं त्यांनी मला शिकवलं होतं, भावाला नाही. भावाला ऐकायचा कंटाळा होता.

आबा म्हणाले, "घोंगडीच घिऊ. भिजली तरी लोकर ऊब देतीया."

मी म्हटलं, "आबा, भिजायचंच कशाला? पौडात मालाच्या लॉरीवर ताडपत्री बघितली का? खाली साखरंची पोती कोरडीठाक. घोडीला तसलंच करू."

भाऊ हसला. "घोडीला झंपर शिव आता. वर नक्षी बी काढ."

पण आबा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "कसं करशील, सांग."

घरी परत आल्यापासून कुणी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी सांगत सुटले. अंगणातल्या धुळीत काडीनं चित्र काढून दाखवलं. लष्कराच्या जुन्या तंबूचं जाड कापड पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतं, ते आणायचं. छातीवर बंद, पोटाखालून पट्टा, शेपटीवर झापड. घोंगडीसारखं नुसतं टाकायचं नाही, अंगाच्या मापाचं शिवायचं, म्हणजे चरताना घसरणार नाही. आणि वरून तेल-मेण चढवायचं. घोंगडी सहा पावसाळे टिकते, हे दहा टिकेल, असंही मी ठोकून दिलं. आबा दोन दिवसांनी एसटीनं पुण्याला गेले आणि कापड घेऊन आले. भाऊ ते बघायलाही आला नाही.

मी सुतळीनं घोडीचं माप घेतलं. दाभणानं शिवताना बोटं सोलून निघाली. मध काढणाऱ्या एका कातकरी बाईकडून मेण मिळवलं, ते अळशीच्या तेलात वितळवलं आणि वैशाखाच्या उन्हात कापड अंथरून फडक्यानं चोळून चोळून जिरवलं. एक हात पुरला असता. मी तीन दिले. शिवणीवर तर बोटभर मेण थापलं. पाण्याचा थेंबही आत जाता कामा नये, हेच माझ्या डोक्यात. आमच्याकडं जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात दुसरं काही येतच नाही. पाणी वरून येतं आणि ते अडवायचं, ह्यात आमची अक्कल संपते.

झूल तयार झाल्यावर आबांनी आळीतल्या चारजणांना बोलावलं. घोडीच्या अंगावर झूल बांधली आणि आबांनी स्वतः हंडाभर पाणी तिच्या पाठीवर ओतलं. पाणी भरभर खाली वाहून गेलं. त्यांनी झुलीखाली हात घातला, बाहेर काढला आणि सगळ्यांना दाखवला. हात कोरडा. म्हातारी माणसं "आरं तिच्या मायला!" म्हणाली. पौडच्या बाजारात पुढचे दोन आठवडे आबा ज्याला त्याला सांगत होते, "माझ्या लेकीनं केलं. पुण्यात बी मिळायचं न्हाई असलं." मी मागं उभी राहून ऐकायचे. त्या पंधरा दिवसांत वहिनीनंही मला एकदा विचारलं की पापडाचं पीठ किती घट्ट मळू. लोक म्हणतात सुख कळत नाही. मला ते चांगलं कळलं होतं, मी ते रोज मोजून घेत होते.

आषाढात झड लागली. आमच्या झडीत आठ-आठ, दहा-दहा दिवस आकाश दिसत नाही, पौडची खेपही बंद असते. घोडी माळावर झूल पांघरून उभी असायची, पाणी तिच्या अंगावरून ओघळत असायचं आणि मी दारातून बघून खूश व्हायचे. रोज जाऊन झुलीच्या कडेखाली हात घालायचे. आत ऊब लागायची, हात थोडा ओलसर व्हायचा. घोडीच्या अंगाची ऊब आहे, मी म्हणायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी आबा म्हणाले, "एकदा काढून बघ की. अंग पुसून घी."

"कशाला? काढली की भिजंल. केलंय कशासाठी मग?"

ते माझंच वाक्य. कुणी माझ्या तोंडी घातलेलं नाही. आबांनी ते मानलं, कारण त्या दिवसांत ते माझं ऐकत होते.

नवव्या दिवशी घोडी दाण्याला तोंड लावेना आणि जवळ गेल्यावर कुबट वास आला. मी पट्टा सोडला, झूल वर उचलली, आणि झुलीबरोबर घोडीचे केस आले. पुंजकेच्या पुंजके, मुळाशी खपली असलेले. सगळी पाठ आंबून गेली होती. नऊ दिवस तिच्या घामाला बाहेर पडायला जागा मिळाली नव्हती. मी बाहेरचं पाणी असं अडवलं होतं की आतलं पाणीही अडलं. मान संपते तिथल्या उंचवट्यावर झुलीची शिवण घासून जखम झाली होती आणि तिच्यात अळ्या पडल्या होत्या. मी तिथंच चिखलात बसले. घोडीनं मान वळवून माझ्या खांद्याला नाक लावलं, रोज लावायची तसंच.

करंजाचं तेल लावलं, हळद भरली, पौडच्या गुरांच्या दवाखान्यातून औषध आणलं. पाठीवरचे केस पुन्हा उगवायला लागले, पण ती उंचवट्यावरची जखम आत आत गेली. खोगीर चढवायचा प्रश्नच नव्हता. दसऱ्याच्या आधी घोडी गेली.

झूल काय असावी हे मला आता माहीत आहे. आत विरळ लोकर, वरून साधं जाड कापड, त्यावर मेणाबिणाचं नाव नाही. शिवण पाठीच्या मधोमध नको. आणि सगळ्यांत आधी, पाऊस असो नसो, दिवसातून एकदा काढून अंग कोरडं करायचं. त्यासाठी जनावर दहा मिनिटं भिजलं तर भिजू द्यायचं. आबांची घोंगडीच बरोबर होती. लोकरीतून घाम निघून जातो. मी बापाहून शहाणी व्हायला गेले, ते त्या मुक्या जनावराला भोवलं, आणि हे मी आधीही कबूल केलं असतं. मला कुणी कबूल करायला वेळच दिला नाही.

घोडी पुरून आल्यावर भाऊ आळीतल्या लोकांसमोर म्हणाला, "बाईच्या अकलेनं चाललं की दुसरं काय हुणार?" लोकांनी माना डोलावल्या. हंड्याच्या वेळी आरोळ्या ठोकणारे तेच लोक. मी आबांकडं पाहिलं. कापड त्यांनी आणलं होतं, पाणी त्यांनी ओतलं होतं, बाजारभर त्यांनीच मिरवलं होतं. वाटलं, निदान एवढं तरी म्हणतील, की आमचं दोघांचं चुकलं.

आबा म्हणाले, "हितनं पुढं हिला काय बी इचारायचं न्हाई. आन् हिनं बी मधी बोलायचं न्हाई."

घोडी मेल्याचं दुःख मी अजून बाळगून आहे. पण त्या वाक्यानं जे झालं ते दुःख नव्हतं, तो राग होता, आणि तो मी वर्षभर जपला. कामात कसूर केली नाही. विचारलं तेवढंच बोलले, आणि कुणी विचारत नव्हतंच. वहिनीच्या पापडाचं पीठ सैल पडलं तरी मी बघत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात आबांनी एक तरणं तट्टू घेतलं, काळसर रंगाचं, अंगानं बारीक. त्याच्यासाठी पावसाळ्याचं पांघरूण हवं होतं. आता झुलीचं नाव कोण काढणार? घोंगडी घ्यायची ठरलं. आबांचे गुडघे दुखत होते, म्हणून बाजारात भाऊ गेला. मी करवंदं विकायला त्याच बाजारात पाटी घेऊन बसले होते. घोंगडीवाला समोरच. आबांचा नेहमीचा म्हातारा विणकर वारला होता, हा कुणी नवीन होता.

भावानं सगळ्यांत ताठ, सगळ्यांत काळी घोंगडी निवडली. उभी केली तर उभी राहील अशी. आबांना बघून बघून त्यालाही थोडंफार आलं होतं. धागा जाळला, वास घेतला. मग म्हणाला, "ये, कोपरं धर."

मी पाटी बाजूला ठेवून दोन कोपरे धरले. घोंगडीवाल्यानं पाणी ओतलं. पाणी थांबलं. भावानं खालून हात फिरवला, कोरडा. बघणारे म्हणाले, "बेस हाय." पण माझी बोटं कोपऱ्यावर होती. मी सवयीनं अंगठा चोळला आणि बोटांवर पांढरी भुकटी आली, चांगली जाडशी. मी कोपरा उजेडाकडं धरला. खळीच्या खाली वीण इतकी विरळ की चाळणी बरी. पाणी लोकरीनं नव्हे, फुगलेल्या खळीनं धरलं होतं. चार दिवसांच्या पावसात ती धुऊन जाणार, आणि मग घोड्याच्या अंगावर ओलं गोणपाट राहणार.

घोंगडीवाल्यानं माझ्या बोटांकडं पाहिलं. "का वो बाई, काय झालं?"

भावानंही पाहिलं. त्यानं विचारलं मात्र नाही.

"काय न्हाई," मी म्हणाले आणि बोटं लुगड्याला पुसली. मग करवंदांच्या पाटीपाशी जाऊन बसले. त्या संध्याकाळपर्यंत मी खुशीत होते. खोटं कशाला लिहू?

पाऊस सुरू झाला आणि आठवड्यात घोंगडी लोंबायला लागली. तट्टू माळावर थरथरत उभं असायचं. मी त्याला चुलीची राख लावून पोत्यानं पुसायचे, दाण्यात सुंठ घालायचे, जे जे म्हणून हातानं करता येईल ते सगळं करत होते. तोंडानं करायचं तेवढं सोडून. श्रावणाच्या सुरुवातीला ते खोकायला लागलं. रात्रंदिवस कोरडा, खोल खोकला. जगलं, पण छाती कायमची गेली. पुढं घाटाचा चढ लागला की ते मध्येच थांबून धापा टाकायचं, आणि भाऊ त्याला काठीनं मारायचा.

आबा एका दुपारी काठी टेकत माळावर आले. त्यांनी घोंगडी ओढून काढली, एक टोक हातात घेऊन पिळलं. पांढुरकं पाणी गळलं.

"निस्ती खळ," ते म्हणाले. "फशिवलं भाड्यानं."

भाऊ शेजारीच उभा होता. त्याला ते एक शब्द बोलले नाहीत. वहिनी म्हणाली, आता बाजारात इस्वास तरी कुणावर ठिवायचा. दुसऱ्या दिवशी आळीभर झालं होतं की घोंगडीवाला चोर निघाला. बिचाऱ्या भावाचं सगळ्यांना वाईट वाटत होतं. माझ्या वेळी कुणाला तंबूचं कापड विकणारा आठवला नव्हता.

सगळे गेल्यावर आबा माझ्याकडं वळले. "तू हुतीस न्हवं त्या दिशी बाजारात?"

"हुते. कोपरं मीच धरलं हुतं."

"मग तुला कळलं न्हाई? तुला तर शिकिवलं हुतं मी."

"कळलं हुतं."

"मग त्वांड शिवलं हुतं का तुझं?"

"तुमीच शिवलं, आबा."

हे वाक्य मी वर्षभर मनात घोळवलं होतं. भांडी घासताना, लावणी करताना, झोपताना. कधीतरी ते म्हणायला मिळेल आणि आबांचं तोंड बघण्यासारखं होईल, असं वाटायचं. आबांचं तोंड तसंच राहिलं. ते काठी टेकत घराकडं गेले, अंग पुसून चुलीपाशी बसले, आणि वहिनीनं त्यांना चहा दिला. त्यांना काही झालं नाही. भावालाही काही झालं नाही. मी ज्यांच्यावर सूड उगवला ते दोघे कोरडे होते.

भिजत उभं होतं ते तट्टू. त्यानं माझं काय वाकडं केलं होतं? ते मला धड ओळखतही नव्हतं. बाजारात मी चार शब्द बोलले असते तर भावानं लोकांसमोर मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित हातही उगारला असता, आणि पुन्हा एकदा मान खाली घालून बसावं लागलं असतं. एवढंच झालं असतं. पहिली घोडी मी न कळून मारली, त्याबद्दल मला सगळ्या गावानं बोल लावले. तट्टाची छाती मी कळून घालवली, आणि त्याबद्दल मला आजपर्यंत कुणीही काही म्हटलेलं नाही.